किलब्रे: पाथरवटांच्या बेटावरचे चार दिवस

स्कॉटलंड बघायला अमेरिकेबाहेर जावं लागत नाही, असं माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, आम्ही राहतो त्या कॅरी गावातल्या सगळ्या ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे परत आल्यावर गणपतीच्या जेवणात जो तो विचारत होता, ‘काय मग, कसं होतं तुमचं स्कॉटलंड?’ मी ‘छान होतं’ म्हणून वेळ मारून नेत होते. छान होतंच. पण तिथे जे झालं, ते हातात पेपर प्लेट घेऊन उभ्याउभ्या सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून सवडीनं लिहिते आहे.

मेन राज्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात शेकडो बेटं विखुरलेली आहेत. त्यातल्या एका लहानशा बेटावर किलब्रे नावाची वस्ती आहे. दीडेकशे वर्षांपूर्वी तिथे गुलाबी ग्रॅनाइटची खाण निघाली आणि दगड फोडायला, घडवायला स्कॉटलंडहून पाथरवट आले. त्यातली काही कुटुंबं तिकडच्या एका बेटावरच्या वाडीतली होती. जमीनमालकाला मेंढ्या चारायला कुरणं हवी होती, म्हणून त्यानं ती वाडी उठवली. माणसं बोटीत बसली, इथे उतरली आणि आपल्या मोडलेल्या वाडीचंच नाव त्यांनी या वस्तीला दिलं. अमेरिकेतल्या कितीतरी शहरांतल्या बँका आणि पुलांचे खांब या बेटावरच्या दगडाचे आहेत म्हणतात. पुढे सिमेंट आलं, खाण बंद पडली, माणसं पांगली. जी उरली, त्यांचे नातू-पणतू तिथे राहतात.

ही माहिती मिलिंदनं मला जुलैत एका संध्याकाळी जेवताना दिली. मी भात कालवता कालवता थांबले. माझा नवरा वेंगुर्ल्याचा. समुद्र त्याचा जीव की प्राण, पण इतिहास कधीच नाही. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला हा माणूस पाथरवटांबद्दल इतकं सलग बोलतो, याचंच मला नवल वाटलं. ‘सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला जाऊन येऊ या,’ तो म्हणाला, ‘मी बुक केलंय सगळं.’

तेही नवलच. आमच्याकडे बुकिंग मी करते.

इथे एक सांगायला हवं. मी एका औषधांच्या कंपनीत क्वालिटी ऑडिटर आहे. कारखान्यात जायचं, लोक जे सांगतात ते ऐकायचं आणि त्यातलं काय सांगायचं टाळलं जातंय ते शोधायचं, हे माझं काम. हे काम पाच वाजता ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. माझी मुलगी सई म्हणते, ‘आई, यू ऑडिट एव्हरीवन.’ ती खोटं बोलत नाही.

शुक्रवार: धक्क्यावर

फेरी म्हणजे एक जाडजूड मच्छीमारी बोट होती. आठ-दहा माणसं, किराण्याची खोकी, एक गवत कापायचं यंत्र आणि आम्ही. सूर्य लखलखत होता, पण पाण्यावरून येणारा वारा सप्टेंबरातच कानाला झोंबत होता. बेट जवळ आलं तशी आधी झाडांची काळपट रेघ दिसली, मग खाणीचा उघडा गुलाबी कडा आणि त्याच्या पायथ्याशी करड्या-पांढऱ्या घरांची ओळ. सुंदर दिसत होतं. मी तसं म्हणालेही. मिलिंद माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, बेटाकडे नाही.

धक्क्यावर उतरलो तेव्हा तिथे उभी असलेली माणसं बोलायची थांबली. अमेरिकेत छोट्या गावात हे होतं, मला सवय आहे. पण सहसा लोक एकदा बघतात आणि नजर काढून घेतात, किंवा मग ‘हाउ आर यू’ म्हणून मोकळे होतात. ही माणसं बघतच राहिली, आणि तीही मिलिंदकडे नाही, माझ्याकडे.

‘आपण यांना इथे नकोयत वाटतं,’ मी मराठीत म्हणाले.

‘तुला उगाच वाटतं यार,’ तो म्हणाला आणि बॅगा घेऊन चालू लागला. धक्क्याजवळ रस्ता दोन दिशांना फुटत होता. पाटी कुठेच नव्हती. तो न थांबता डावीकडे वळला.

आमचा मुक्काम मोरॅग नावाच्या बाईंच्या घरी होता. सत्तरीच्या, उंच, ताठ, केस मानेवर घट्ट बांधलेले. घर जुन्या पाथरवटांचं. भिंती हातभर जाड, खिडक्या लहान. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि ओट्सच्या पिठाच्या खरपूस भाजलेल्या पोळ्या, लोणी आणि बेटावरच्या ब्लूबेरीचा मुरांबा पुढे ठेवला. ती पोळी आपल्या नाचणीच्या भाकरीच्या वळणावर जाते, फक्त जास्त कडक. मला फार आवडली. मग चहा आला. मोरॅगबाईंनी मिलिंदपुढे बिनदुधाचा, बिनसाखरेचा कप ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुम्हाला दूध? साखर?’

मिलिंद बिनसाखरेचा कोरा चहा पितो. पण ते त्यांना कसं कळलं? मी त्याच्याकडे पाहिलं. तो मुरांबा लावण्यात गुंतला होता.

संध्याकाळी वस्तीतल्या एकुलत्या एक दुकानात गेलो. गल्ल्यावर इओना नावाची चाळिशीची बाई होती, लाल केसांची, हसऱ्या डोळ्यांची. आम्ही आत शिरलो तशी मिलिंदकडे बघत ती पटकन म्हणाली, ‘अरे, तुम्ही आ...’ आणि थांबली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आजच आलात का?’ तिचे कान लाल झाले होते.

नवऱ्याला एका अनोळखी गावात कुणीतरी ओळखतं आणि तो ते लपवतो, तर कुठल्याही बायकोच्या मनात जे येतं, तेच माझ्या मनात आलं.

शनिवार: चर्च, कबरी आणि खाण

सकाळी धुकं होतं. मोरॅगबाई म्हणाल्या, ‘अँगस तुम्हाला गाव दाखवेल. चर्चची किल्ली त्याच्याकडेच असते.’ अँगस म्हणजे ऐंशीच्या घरातला वाकलेला म्हातारा. त्याच्याबरोबर एक काळं-पांढरं कुत्रं होतं. ते माझ्यावर दात विचकून भुंकलं आणि लगेच मिलिंदच्या पायाशी जाऊन लोळण घेऊ लागलं. मिलिंद म्हणाला, ‘कुत्र्यांना मी आवडतो.’ वीस वर्षांत मी त्याला कुत्र्याच्या अंगावर हात फिरवताना पाहिलेलं नाही.

पण मी गावाबद्दल लिहायला बसले आहे, तर ते नीट सांगते. चर्च लहान आहे, शंभर माणसंही मावणार नाहीत. पण त्याच्या भिंती बघाव्यात. दोन दगडांमधल्या सांध्यात नख जात नाही. वाईला घाटाच्या पायऱ्या बघत लहानाची मोठी झालेली मी, काळ्या दगडाचं काम मला नवं नाही. हा गुलाबी दगड मात्र त्याहून हट्टी, आणि त्यावर काढलेली ती पानं-फुलं बघताना हात आपोआप पुढे जातो. दाराशी एक मोठा उंबरा आहे, मधोमध झिजून खोलगट झालेला. अँगस म्हणाला, ‘हा तिकडच्या चर्चचा. मालकानं गाव उठवलं तेव्हा आमच्या लोकांनी हा उपटून बोटीत घातला.’

मी वाकून पाहिलं. तोच गुलाबी दगड, तेच काळे ठिपके.

‘हा इथल्या खाणीतला वाटतो,’ मी म्हणाले.

अँगसनं टोपी डोक्यावर नीट केली. ‘पूर्वी कुणी विचारलं नव्हतं,’ तो म्हणाला आणि दफनभूमीकडे चालू लागला.

दफनभूमी उतारावर, समुद्राकडे तोंड करून आहे. इथले पाथरवट स्वतःच्या कबरीचा दगड स्वतःच घडवून ठेवत. नाव कोरलेलं, जन्माचं साल कोरलेलं, मृत्यूची जागा कोरी. ती मागे राहिलेल्यांनी भरायची. काही दगडांवर ती कोरीच राहिली आहे. ‘ती माणसं बेट सोडून गेली,’ अँगस म्हणाला. इतक्या स्पष्टपणे तो त्या दिवसात फक्त तेवढंच बोलला.

पुढे पाथरवटांची लांबलचक खानावळ आहे, आता छप्पर कोसळलेली. मग शाळा. शाळेला लागून मास्तरांचं घर, नव्यानं रंगवलेलं, खिडक्यांना नवे पडदे. ‘इथे कोण राहतं?’ मी विचारलं. अँगसनं मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदनं समुद्राकडे पाहिलं. ‘सध्या कुणी नाही,’ अँगस म्हणाला.

आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांना खुपत होती. या भागात हिवाळा कडक. मुख्य भूमीवर येताना घराघरापुढे सरपणाच्या उंच रांगा रचलेल्या पाहिल्या होत्या. इथे मोजकी घरं सोडली तर अंगणं रिकामी. पडदे होते, कुंड्या होत्या, पण सरपण नव्हतं. ‘हिवाळ्यात इथे किती घरं उघडी असतात?’ मी विचारलं. अँगसला तेवढ्यात खोकला आला.

खाणीपाशी त्यानं आमचा निरोप घेतला. खाणीत आता पाणी भरलंय, हिरवंगार, काळोखं. काठावर मला फोनची रेंज मिळाली, म्हणून मिलिंद पुढे गेल्यावर मी सईला फोन केला. सगळं भडाभडा सांगितलं.

‘आई, यू आर ओव्हरथिंकिंग,’ ती म्हणाली. मग हळूच, ‘जस्ट आस्क बाबा, ओके? प्लीज.’

ते ‘प्लीज’ मला आवडलं नाही. हिलाही माहीत होतं.

फोन ठेवून घाईनं उतरायला गेले आणि ओल्या दगडावर पाय घसरला. कोपर खरचटलं, पँट गुडघ्यावर फाटली. तशीच लंगडत मोरॅगबाईंच्या घरी आले. त्या बटाटे सोलत होत्या. धुरावलेल्या माशाचं आणि बटाट्याचं दाट सूप शिजत होतं, घरभर त्याचा वास होता. त्यांनी माझं कोपर धुतलं, पट्टी लावली. मी विचारलं, ‘माझा नवरा याआधी इथे आला होता का?’

त्यांनी पट्टीची कडा अंगठ्यानं दाबली. ‘हे तुम्ही त्याला विचारायला हवं.’

‘तो खरं सांगेल याची खात्री असती तर तुम्हाला विचारलं नसतं.’

त्या समोर बसल्या. ‘मार्चमध्ये आला होता. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं, बायकोला लपवून आणू नकोस. आम्हाला धड खोटं बोलता येत नाही, म्हणून काल सगळे गप्प बसले. आता जा. तो शाळेपाशी असेल.’

तो खरोखरच मास्तरांच्या घराच्या पायरीवर बसला होता. माझं कोपर बघून उठला.

‘मार्चमध्ये तू बॉस्टनच्या कॉन्फरन्सला नव्हतास,’ मी म्हणाले.

‘होतो. दोन दिवस. मग इथे आलो.’

‘कोण आहे ती? इओना?’

तो इतका गोंधळला की मला उत्तर तिथेच मिळालं. ‘इओना? वैदेही, काय बोलतेस तू? अगं, ती या गावच्या कमिटीवर आहे. बस जरा.’

मी बसले नाही. त्यानं उभ्यानंच सांगितलं. बेटाला स्वतःचं छोटं वीजघर आहे. सौर पॅनेल, जनरेटर, इंटरनेटची यंत्रणा. ती सांभाळणारा माणूस निघून गेला होता. बारा महिने इथेच राहणारं कुणीतरी हवं होतं. पगार बेताचा, राहायला हे घर. मिलिंदनं जाहिरात बघितली, अर्ज केला, मार्चमध्ये येऊन त्यांना भेटला. त्यांना तो पसंत पडला. एकच अट होती, बायको येऊन सगळ्यांना भेटली पाहिजे. उद्या चर्चमध्ये प्रार्थनेनंतर.

‘म्हणजे ही ट्रिप माझा इंटरव्ह्यू आहे.’

‘असं नको म्हणूस.’

‘मग कसं म्हणू?’

‘तू पहिल्याच वाक्याला नाही म्हणाली असतीस. मला वाटलं, आधी बघावीस जागा. आवडली तर मग सांगेन.’

‘आणि आवडली नसती तर?’

तो परत पायरीवर बसला. दुसरी बाई नाही हे कळल्यावर मला क्षणभर हायसं वाटलं होतं. मग आणखी संताप आला. बाई असती तर निदान राग एकीवर काढता आला असता. इथे अख्खं गाव सामील होतं, माझी मुलगीसुद्धा. ती मंडळी धक्क्यावर टक लावून बघत होती ती माझ्या रंगाकडे नाही. ही बाई राहील का, हे जोखत होती.

रात्री सूप फार चांगलं झालं होतं, असं मिलिंद म्हणाला. मला चव आठवत नाही.

रविवार: चर्चमध्ये

मी जाणार नव्हते. सकाळी उठून बॅग भरायला घेतली. पण फेरी सोमवारची होती आणि मोरॅगबाई दाराशी येऊन म्हणाल्या, ‘बाकी काही नाही तरी गाणं ऐकायला या.’

ते गाणं ऐकण्यासारखंच होतं. वाद्य नाही. अँगसनं एकट्यानं, चिरक्या आवाजात एक ओळ म्हटली आणि बाकीच्यांनी ती उचलली, पण एकसाथ नाही. प्रत्येकजण आपापल्या वेळेनं, आपापल्या हेलकाव्यानं. आपल्याकडे भजनात ओळ उचलतात तसंच, पण टाळ नाहीत, लय नाही, नुसती भरती-ओहोटी. गाण्याची ती जुनी स्कॉटिश भाषा आता त्यांनाही पुरती कळत नाही. कुणी विचारलं तर ‘आमचे आजोबा असंच म्हणायचे’ एवढंच सांगतात. माझ्या अंगावर काटा आला, हे मान्य करते.

मग सगळे तसेच बसून राहिले. वीस-बावीस माणसं. इओना उठली, घसा साफ करून म्हणाली, ‘मिलिंदबद्दल आमचं मत चांगलंच आहे. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.’

मिलिंदला वाटलं असावं, मी रडेन किंवा निघून जाईन. मी उठून उभी राहिले, आणि एखाद्या कारखान्यात उभी राहते तशीच विचारू लागले. डॉक्टर किती लांब? वादळात फेरी बंद पडली तर काय करता? आधीचा माणूस का गेला? त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. आधीच्याच्या बायकोला इथलं एकटेपण सोसलं नाही, हेही सांगितलं.

‘बहुतेक अंगणांत सरपण नाही,’ मी म्हणाले. ‘काल मी विचारलं तेव्हा अँगसना खोकला आला. या हिवाळ्यात इथे कोण कोण राहणार आहे?’

इओनानं मोरॅगबाईंकडे पाहिलं. मोरॅगबाई उठल्या.

‘पुरे झालं,’ त्या म्हणाल्या. ‘या हिवाळ्यापासून फेरी बंद होणार आहे. आठवड्यातून एकदा बोट येईल, तीही समुद्र शांत असला तर. आम्हाला मे महिन्यात कळलं. बहुतेक घरं मुलांकडे चालली आहेत. इथे बारा महिने राहणारं आणखी एक कुटुंब दाखवता आलं, तर फेरीसाठी पुन्हा मागणी करता येईल, म्हणून आम्ही तुमच्या नवऱ्याला कळवलं नाही. कळलं असतं तर तो आला नसता.’

मिलिंदचा चेहरा मी इतका पांढरा झालेला कधी बघितला नव्हता. ‘जूनमध्ये आपण फोनवर बोललो होतो,’ तो इओनाला म्हणाला. ‘मी फेरीबद्दलच विचारलं होतं.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘विचारलं होतंस.’

अँगस बाकावरूनच म्हणाला, ‘उंबराही इथलाच आहे. खरा समुद्रात गेला. बोट बुडू नये म्हणून टाकून द्यावा लागला. पोरांना काय सांगायचं, म्हणून इथे नवा घडवला.’ त्याला कुणीच काही विचारलं नव्हतं. पण आता बोलायचंच ठरलं आहे, तर सगळंच, असा त्याचा हिशोब असावा.

मिलिंद उठला. ‘मला जमणार नाही,’ म्हणाला आणि बाहेर गेला. लोकांनी माना खाली घातल्या. इओना रडत होती. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ती सगळी माणसं मला एकदम फार थकलेली दिसली. आपलं गाव दुसऱ्यांदा रिकामं होताना बघणारी. निघताना मोरॅगबाईंनी माझा हात धरला. ‘तुम्ही विचारलंत, बरं केलंत,’ त्या म्हणाल्या. ‘आम्हीच आधी सांगायला हवं होतं.’

त्यांच्या नातवानं पुढे मला कळवलं, की त्याही थंडी सुरू होण्याआधी मुख्य भूमीवर गेल्या. ज्यांना किलब्रे बघायचं असेल त्यांनी उन्हाळ्यातच जावं. चर्चची किल्ली अजून अँगसकडे आहे.

सोमवार: परत

फेरीवर आम्ही दोघंच होतो. समुद्र गुळगुळीत, आकाश स्वच्छ, फोटो काढण्यासारखी सकाळ. कुणी फोटो काढला नाही.

‘नाही का म्हणालास?’ मी विचारलं. ‘माझ्यामुळे?’

‘नाही. तू आली असतीस किंवा नसतीस, ते आपण बघितलं असतं. पण त्यांनी फेरीचं लपवलं. ज्या माणसांच्या भरवशावर हिवाळा काढायचा, ती माणसंच असं करणार असतील तर कसं राहायचं त्यांच्यात?’

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला अजून कळलं नव्हतं.

‘मग मी काय करू, मिलिंद?’ मी विचारलं. ‘मी कसं राहायचं?’

तो कठडा धरून उभा राहिला, पण मागच्या बेटाकडे त्यानं पाहिलं नाही. माझ्याकडेच तोंड करून उभा होता. बंदर जवळ आलं, इंजिन मंदावलं, दोर फेकले गेले. बॅगा उचलताना तो म्हणाला, ‘मला माहीत नाही, वैदेही. खरंच माहीत नाही.’

त्या चार दिवसांत त्यानं मला सांगितलेलं हे पहिलं वाक्य, जे मी तपासून पाहिलं नाही.